पाणी पळालंच नव्हतं

"मी नाय सांगत, नारल सांगतो."

हे म्हणण्याआधी ते दोन गोष्टी करायचे. शेताच्या बांधावर चपला काढून जोडीनं नीट ठेवायचे आणि उजवा तळहात धोतराच्या सोग्याला पुसायचे. मग त्या तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायला लागायचे. हळू, अगदी हळू. तुम्ही पाणाड्याला काम करताना पाहिलं असेल तर पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. नसेल पाहिलं तर सांगते. चालता चालता एका जागी तो आडवा नारळ हातावर उभा राहतो. तिथे खुंटी मारायची आणि तिथेच विहीर खणायची.

शिकलेली माणसं हसतात. खुशाल हसा, पण मे महिन्यात आमच्या शहापूर-मुरबाडला येऊन हसा. डोंगराच्या एका अंगाला शहराला पाणी पाजणारी धरणं आणि दुसऱ्या अंगाला टँकरची वाट बघत बसलेल्या बाया. अशा मुलखात एक म्हातारा अनवाणी पायांनी चालत येतो आणि सांगतो की इथे खणा, इथे पाणी आहे. त्याला हसायची कोणाची छाती होते बघू.

त्यांचं नाव मी सांगणार नाही. आम्ही सगळे त्यांना बाबाच म्हणायचो, तुम्हीही तेच म्हणा.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते धसईला, आमच्याच शेतात. मी तिसरीत असेन. आमच्या विहिरीची जागा त्यांनी दाखवली. खणल्यावर असं पाणी लागलं, की वडिलांनी त्यांना घरी बोलावून धोतरजोडी दिली, आणि आई आठवडाभर ज्याला त्याला ते पाणी नेऊन दाखवत होती, जणू काही तिनंच ते रांधलं होतं. मी त्या पाण्यावर वाढले. माझ्या लग्नात हळदीचं पाणी त्याच विहिरीचं. त्यामुळे नारळ उभा राहतो यावर माझा विश्वास होता का, असं विचाराल तर मला प्रश्नच कळायचा नाही. आपण उजव्या हातानं जेवतो यावर कोणी विश्वास ठेवतं का? जेवतो, झालं.

पुढे मी ग्रामसेविका झाले आणि उंबरमाळीच्या पलीकडच्या वाड्या माझ्याकडे आल्या. ग्रामसेवकाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. बाई आली तर तिलाही भाऊसाहेबच, कारण मान खुर्चीला असतो, साडीला नाही. बाबांचं गाव शहापूरजवळ. एक दिवस ते कचेरीत आले, माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "भावसाहेब, तुमी धसईच्या ना? तुमी माज्या मागं मागं चालत होता, माज्या पावलांवर पाय ठेवून." मला रडूच आलं. माझे वडील तेव्हा नुकतेच गेले होते, आई त्याआधीच, आणि त्या शेतातली मी आठवणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

तेव्हापासून आमची जोडी जमली. विहीर मंजूर झाली की जमिनीतलं पाणी तपासणारे मशीनवाले यायचे, तारा पसरायचे, आकडे लिहायचे. मोठे साहेब कागदावर सही करायचे आणि गाडीत बसता बसता खिडकीतून हळूच विचारायचे, "बाबांना दाखवलंय ना?" मी म्हणायचे, "दाखवलंय साहेब." मग गाडी सुटायची. सरकार आणि नारळ, दोघांचं एकमत झाल्याशिवाय आमच्याकडे कुदळ पडत नसे.

मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून न्यायचे. ते एका हातानं सीट धरायचे आणि दुसऱ्या हातानं मांडीवरची पिशवी. पिशवीत नारळ असायचा. खड्डा आला की स्वतः पडले तरी चालेल, पण पिशवी घट्ट. मी चिडवायचे, "बाबा, मला धरा, नारळ कुठे पळून जात नाही." ते हसायचे नाहीत. त्या बाबतीत त्यांना चेष्टा खपत नसे.

मग एका उन्हाळ्यात काहीतरी झालं, आणि ते काय झालं हे त्यांनी मला दोन महिन्यांनी सांगितलं.

ते कुठून तरी पायी येत होते. तहान लागली म्हणून वाटेतल्या एका विहिरीकडे वळले. विहीर त्यांनीच दाखवलेली, सहा-सात वर्षांपूर्वी. वाकून बघतात तर आत कोरडा खडक आणि एक तुटकी बादली. तेवढ्यात शेताचा मालक धावत आला. बाबांना वाटलं, आता हा शिव्या घालणार. तर त्यानं त्यांचे पाय धरले. म्हणाला, बाबा, माफी करा, आमच्याच हातून काहीतरी चुकलं असेल, म्हणून तुम्ही दिलेलं पाणी आमच्याकडे राहिलं नाही.

"मना एक सांगा भावसाहेब," बाबा मला म्हणाले, "खड्डा त्याचा गेला, घाम त्याचा गेला, आनी माफी तोच मागतो. असा कसा?"

मी म्हटलं, भला माणूस असेल.

"भला हाय. पन मी कोन हाय मंग?"

त्या दिवसापासून 'मना एक सांगा' सुरू झालं, ते शेवटपर्यंत संपलं नाही. बाबांनी दोरीला दगड बांधला आणि भर उन्हाळ्यात आपल्या जुन्या विहिरी बघत फिरायला लागले. कोणाला न सांगता जायचे, दोरी सोडायचे, ओली किती आली ते बघायचे आणि परत यायचे. भरलेल्या विहिरी तर सगळ्यांच्या तोंडी होत्याच. कोरड्या गेलेल्यांचं नाव मात्र कोणीच काढत नव्हतं. जो तो आपल्याच घरातलं पाप शोधून गप्प बसला होता. कोणाकडे कोंबडं द्यायचं राहिलं, कोणाकडे सुतक होतं, कोणी दोन हात आधीच खणणं थांबवलं.

मला त्यांचा राग यायचा. खरंच सांगते, चांगलाच राग यायचा. म्हातारपणी माणसानं देवाधर्माला लागावं, हे काय भलतंच? एकदा मी तोडूनच बोलले, "मग आमच्या धसईच्या विहिरीला पाणी कसं लागलं? ते काय खोटं होतं?"

ते शांतपणे म्हणाले, "तुमच्या शेताच्या कडंला उंबर होता. खाली ओढा. नारल हातात घ्यायच्या आदी मी उंबर पाह्यला. तिथं कोनीबी खनला असता, तरी पानी लागला असता."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. त्या विहिरीत माझे वडील होते, माझं लहानपण होतं, आणि हा माणूस म्हणत होता की तिथे फक्त एक उंबर होता. मी चार दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. पाचव्या दिवशी तेच कचेरीत आले आणि म्हणाले की माझे डोळे बांधा.

कचेरीच्या मागे भाताची रिकामी खाचरं होती. सकाळची वेळ होती. आधी ते डोळे उघडे ठेवून चालले. नारळ उभा राहिला तो खालच्या खाचरात, जांभळीजवळ. मी खुंटी मारली. मग माझी ओढणी त्यांच्या डोळ्यांवर घट्ट बांधली, खांद्याला धरून त्यांना दोन-तीनदा गोल फिरवलं आणि सोडलं. नारळ उभा राहिला तो वरच्या बांधाशी. पुन्हा फिरवलं. या वेळी मधल्या खाचरात. तिसऱ्या वेळी ते चालत चालत कचेरीच्या अंगणात शिरले आणि नारळ उभा राहिला तो झेंड्याच्या कट्ट्यासमोरच्या उघड्या कातळावर, जिथे झेंड्याच्या खांबासाठी खड्डा घ्यायला सुरुंग लावावा लागला होता. दुसरं कोणी असतं तर मी खो खो हसले असते.

त्यांनी ओढणी सोडली. खाली बघितलं. मग चारही खुणांकडे एकेक करून बघितलं आणि कट्ट्यावर बसले.

तिथूनच त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. "पन खेचतो गो," ते म्हणाले. भाऊसाहेब नाही, 'गो' म्हणाले. "आजून खेचतो. मनगटातून आत कायतरी ओढतो, आनी नारल उबा ऱ्हातो. मी मुद्दाम नाय करत. तुज्या गल्याची आन. माज्या बापासनं ही विद्या माज्याकडं आली. ती खोटी असंल त त्यानं मना काय दिला?"

मी चहा सांगते म्हणून आत गेले आणि आत जाऊन उगाच कागद हलवत बसले. आज वाटतं, तिथेच त्यांच्याजवळ बसायला हवं होतं. ज्याचं माणूस जातं त्याच्याजवळ आपण बसतो. त्यांचं त्याहून मोठं काहीतरी गेलं होतं आणि मी चहा सांगायला गेले.

एवढ्यावर थांबले असते तर एका म्हाताऱ्याची हौस म्हणून सोडून देता आलं असतं. पण त्यांच्या मनात एक वाडी होती आणि त्या वाडीतली एक बाई.

वाडी माझ्याच हद्दीतली. मी तिथे जायच्या आठ-नऊ वर्षं आधी तिथे विहीर खणली होती. जागा बाबांची. सगळ्या वाडीनं दोन महिने अंगमेहनत केली, पाणी लागलं नाही. तेव्हा बाबांना परत बोलावलं. त्यांनी खड्ड्यात डोकावून बघितलं आणि विचारलं, मी नारळ धरला त्या दिवशी शेतातून कोणी बाई गेली होती का? कोणीतरी म्हणालं, हो, सोमी गेली होती, डोक्यावर मोळी घेऊन. सोमी म्हणजे वाडीतली नवी सून. बाबा म्हणाले, बाहेरची असंल, विटाळ झाला, पानी पलाला. एवढं बोलून ते निघून आले.

त्या वाडीत तोवर विटाळाचं एवढं काही नव्हतं. डोंगरातल्या बाया, महिन्यातले चार दिवस बाजूला बसायला त्यांना सवड कुठली? ते आम्ही खालच्या गावांनी वर नेलं, नारळाबरोबर. पण एकदा नेलं ते तिथे रुजलं. सोमीचं नाव पडलं पाणी पळवणारी. लग्नातल्या हळदीचं पाणी आणायला तिला बोलवेनात. पेरणीच्या दिवशी तिनं आधी शेतात पाय ठेवायचा नाही. टँकर आला की तिचा हंडा सगळ्यात शेवटी, म्हणजे तिच्या हातानं वाहतं पाणी आटायला नको.

आता माझं ऐका. मी त्या वाडीत सहा वर्षं टँकरच्या फेऱ्या तपासायला जात होते. ही बाई मला दर खेपेला रांगेच्या शेवटी दिसायची. मला वाटायचं आळशी आहे, उशिरा येते. एकदा टँकर तिच्या आधीच संपला, तेव्हा मी तिलाच बोलले होते, की बाई, वेळेवर येत जा. ती रिकामा हंडा घेऊन घराकडे गेली.

हे सगळं मला बाबांनी सांगितलं, त्या खाचरातल्या सकाळनंतर. म्हणाले, माझी विद्या खरी का खोटी ते देव जाणे, पण त्या पोरीचं नाव मी घेतलं, ते माझं तोंड राखायला घेतलं. ते तेवढं मला मरायच्या आधी पुसायचंय.

संधी आली. त्याच वाडीला नवी विहीर मंजूर झाली. मशीनवाल्यांनी दोन जागा दिल्या आणि वाडी अडून बसली, दोनातली एक बाबाच ठरवतील. मे महिन्याच्या ग्रामसभेला मी त्यांना घेऊन गेले. आंब्याखाली सगळे जमले होते. बायका मागे, आणि बायकांच्याही मागे, एका घराच्या कुडाला टेकून, सोमी.

बाबा उभे राहिले. पिशवीतून नारळ काढला आणि सगळ्यांना दाखवला.

"ह्यो काय सांगत नाय," ते म्हणाले. "मीच सांगत होतो. मागल्या हिरीची जागा मी चुकीची दावली. तिथं पानी नव्हताच. पलाला नाय, पलवला नाय, नव्हताच. मी खोटा बोल्लो. त्या पोरीचा काय गुना नव्हता."

मला वाटलं, आता एवढा मोठा माणूस एवढं बोलला म्हटल्यावर काहीतरी हलेल.

काहीच हललं नाही. वाडीतला एक वयस्क माणूस पुढे आला, त्यानं प्रेमानं बाबांना हाताला धरून खाली बसवलं आणि म्हणाला की बाबांची तब्येत बरी दिसत नाही, ऊन लागलंय. कोणीतरी पाणी दिलं. मागून कुजबुज ऐकू आली, की बाबांची विद्या गेली. का गेली? तर तीच. त्या दिवशी तिचीच सावली पडली होती ना, हळूहळू खाल्ली असणार. एवढं बोलून होतंय तोवर एका माणसानं बाबांच्या हातातला नारळ घेतला, दगडावर फोडला, दोन्ही जागांना पाणी शिंपडलं आणि तुकडे करून सगळ्यांना वाटले. मलाही दिला, बाबांनाही दिला. बाबा तो तुकडा हातात धरून बसून राहिले.

त्यांना मी इतकं एकटं कधी पाहिलं नव्हतं. खोटं बोलले तेव्हा सगळ्यांनी मानलं आणि खरं बोलले तर ऊन लागलं! मला त्या सगळ्या वाडीचा संताप आला होता. पण बाबा उठले आणि म्हणाले, तिचं घर कुठं ते दाखव.

सोमी तोवर घरी गेली होती. अंगणात बसून करवंदं निवडत होती, दुसऱ्या दिवशी हमरस्त्यावर विकायला न्यायची म्हणून. आम्हाला बघून तिनं घोंगडी टाकली. बाबा घोंगडीवर बसले नाहीत, तिच्यासमोर जमिनीवर बसले. मगाशी सभेत बोललेलं सगळं तिला पुन्हा सांगितलं. शेवटी म्हणाले, "पोरी, पानी तुज्यामुलं नाय गेला."

ती करवंदं निवडत राहिली. "मना म्हाईत हाय," ती म्हणाली.

"कसा?"

"मी त्या दिवशी बाहेरची नव्हतेच, बाबा. मोठी पोर पोटात होती. दुसरा म्हैना. घरात आजून सांगला नव्हता." तिनं एक पान वेचून बाजूला टाकलं. "पुढं पोट दिसाया लागला, तरी कोनी बोटांवर मोजला नाय. मना कोनी इचारलाच नाय."

घरात कोणीतरी भांडं ठेवलं. दारात एक परकर-पोलक्यातली मुलगी येऊन उभी राहिली, आईच्याच चेहऱ्याची. हीच ती मोठी पोर. बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि मग खूप वेळ कोणाकडेच बघितलं नाही.

दोन वर्षं हा माणूस सगळ्या जगाला 'मना एक सांगा' म्हणत फिरत होता. दगडाला विचारलं, दोरीला विचारलं, नारळाला विचारलं. जिच्यासाठी एवढा जीव जाळला, तिला कधी काही विचारलं नव्हतं. आणि मी तरी? सहा वर्षं ती माझ्यासमोर हंडा घेऊन उभी होती. मी तर सरकारी पगार घेऊन विचारायलाच जात होते.

बाबांनी माफी मागितली नाही. त्यांनी पाटी जवळ ओढली आणि तिच्याबरोबर करवंदं निवडायला लागले. कच्ची एका बाजूला, पिकलेली एका बाजूला, पाला बाहेर. दोघांनी मिळून सगळी पाटी संपवली. मग ती उठली, हात धुतले आणि म्हणाली, "बसा, च्या ठेवते." आम्ही बसलो.

विहीर मशीनवाल्यांच्या दोन जागांपैकी वरच्या जागेवर खणली आणि तिला पाणी लागलं. वाडीनं श्रेय दिलं फोडलेल्या नारळाला! कशात काय न् फाटक्यात पाय. मी बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यांनी विचारलं, ती कशी आहे? त्यानंतर फोन केला की हाच प्रश्न. आपण कसे आहोत ते सांगायचे नाहीत, तिचं विचारायचे. त्यांनी नारळ परत हातात घेतला नाही, पण त्यांच्या सुनेनं मला सांगितलं की दुपारी ओटीवर बसले की उजवा हात मांडीवर उताणा ठेवून बसतात आणि त्याच्याकडे बघत राहतात.

पुढच्या थंडीत ते गेले. माझी तोवर मुरबाडकडे बदली झाली होती, वैशाखऱ्याच्या बाजूला. आता मला त्यांची आठवण कधी येते सांगू? सभेत कोणी ठामपणे सांगायला लागलं, की हे असंच असतं, पूर्वीपासून असंच आहे, की माझी मान आपसूक बाजूला वळते. वाटतं, आता कोणीतरी घसा साफ करून म्हणेल, मना एक सांगा. बाजूला कोणी नसतं. मग मीच काहीतरी विचारायचा प्रयत्न करते, पण मला ते त्यांच्यासारखं जमत नाही. मी विचारलं की भांडण होतं. ते विचारायचे तेव्हा समोरच्याला वाटायचं, या म्हाताऱ्याला खरंच ठाऊक नाही, याला मदत केली पाहिजे.

आणि एक कबूल करून टाकते. धसईला गेले की विहिरीवर जाऊन बसते, उंबराकडे पाठ करून. मला अजूनही वाटतं, की तो नारळ खरा उभा राहिलेला असावा. एकदा तरी. आमच्या शेतात तरी.

त्यांच्या बाराव्याला मी गेले होते. अंगणात पंगत बसलेली, लोक बाबांच्या विहिरींच्या गोष्टी सांगत होते, भरलेल्या विहिरींच्या. तेवढ्यात सोमी आली. कसाऱ्याहून जीपनं येऊन पुढचं अंतर चालत आली होती. तिनं फोटोला हात जोडले आणि बायकांत जाऊन बसली. पंगतीतल्या एकाला ती ठाऊक होती. तो शेजारच्याला सांगायला लागला, तेही तिला ऐकू जाईल असं, की हीच ती, बाबांची विद्या हिनंच खाल्ली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठणार तोच तिनं माझा पदर धरून मला खाली बसवलं.

"बोलू द्या, म्याडम," ती म्हणाली. "माज्या दाराशी येऊन एक मानूस सांगून गेला ना. मना पुरं हाय."

जेवणं झाली. तिला रस्त्यापर्यंत सोडते म्हणून मी स्कूटीवर घेतलं. शेतं मागे पडत होती, वालाला फुलं आली होती. मग ती माझ्या कानाजवळ म्हणाली, "म्याडम, हिरीचा अर्ज बाईच्या नावानं करता येतो का?"

मी विचारलं, कोणाला करायचाय?

"मना. माज्या खाचरात. सातबाऱ्यावर माजा नाव हाय."

मी म्हटलं, येतो की. तुमच्या नव्या भाऊसाहेबांना सांगते, कागद मी भरून देते. पण जागा कोण दाखवणार? हे माझ्या तोंडून गेलं, सवयीनं. बाबा नाहीत आता, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"मी दावीन," ती म्हणाली. "उनाल्यात कुठली माती शेवटी सुकते, ता मी बगून ठेवलाय. रांगेत शेवटाला उबी ऱ्हायले येवढी वर्सा, बगायला टाइम होता." मग म्हणाली, "आनी नाय लागला पानी, त नाय लागला. कोनाचा नाव नाय घ्यायची."

मी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. तिनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, डोळ्यांत धूळ गेली. हे ऐकायला ते हवे होते. बाराच दिवस झाले होते त्यांना जाऊन.